आतल्या खोलीतलं खरं

आमदारसाहेबांच्या कचेरीला दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत खोटं बोललं जायचं आणि आतल्या खोलीत खरं. ही वाटणी साहेबांच्या धाकट्या बहिणीने लावून दिली होती आणि वर्षानुवर्षं ती बिनबोभाट चालली होती. साहेबांचं नवं लफडं चव्हाट्यावर आलं, की ती भावाला आतल्या खोलीत न्यायची, कडी घालायची, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पंखा मोठा करायची आणि म्हणायची, "दादा, आधी मला खरं काय ते सांग. म्हणजे मला खोटं नीट बोलता येईल."

तिच्या धंद्याचं सगळं मर्म त्यात होतं. अर्धवट माहितीवर बेतलेलं खोटं दुसऱ्याच प्रश्नाला गळायला लागतं. पूर्ण खरं ठाऊक असलं की कुठे पाय ठेवायचा नाही ते कळतं. तेव्हा दादा आत सगळं ओकायचा आणि ती बाहेर येऊन, पदर नीट करून, एखाद्या शाळेतल्या बाईंसारख्या संथ आवाजात कॅमेऱ्यांना सांगायची की असं काही घडलेलंच नाही. आतलं बाहेर काढायचं नाही, हा या कचेरीतला एकमेव कायदा होता आणि राज्यातले बाकीचे सगळे कायदे मोडणारा हा माणूस तेवढा एक पाळायचा.

तिला कामही पुष्कळ पडायचं. 'तुफान' हे नाव विरोधकांनी साहेबांना चिडवायला ठेवलं होतं, ते त्यांनी स्वतःच्या फलकांवर रंगवून घेतलं, यावरूनच माणसाची कल्पना यावी. निवडून आल्यावर पहिल्याच अधिवेशनात त्यांनी सभागृहात माइक उपटून भिरकावला आणि तो स्वपक्षाच्याच एका म्हाताऱ्या सदस्याला लागला. मग एकाच रस्त्याचं उद्घाटन पुन्हा पुन्हा केलं, रस्ता मात्र एकदाही केला नाही. पदवीचं प्रकरण निघालं, तेव्हा असं कळलं की ज्या कॉलेजातून साहेब पास झाले ते साहेब पास झाल्यानंतर बांधलं गेलं होतं. वीज कचेरीतल्या कारकुनाच्या त्यांनी कानाखाली वाजवली, सरकारी विश्रामगृहातले पडदे घरी नेले, आणि ते पडदे मागे लटकत असताना दूरदर्शनवर प्रामाणिकपणावर मुलाखत दिली. लोक हसायचे, शिव्या घालायचे आणि मतदानाच्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. लोकांचंही काय सांगावं!

बहीण, म्हणजे सगळ्यांची ताई, हे सगळं करायची ती नवऱ्यासाठी. तिचा नवरा म्हणजे मास्तर. सगळा गाव त्यांना मास्तरच म्हणायचा, नोकरी गेल्यावरही. मोठ्या शाळेचे ते मुख्याध्यापक होते आणि शालान्त परीक्षेचं केंद्र त्यांच्याकडे असायचं. एका वर्षी गणिताचा पेपर फुटला. कपाट फोडलेलं नव्हतं, किल्लीने उघडलेलं होतं, आणि किल्ली एकट्या मास्तरांच्या खिशात असायची. पेपर कुणासाठी फोडला ते शेवटपर्यंत कळलं नाही. मास्तर बडतर्फ झाले. तुरुंगातही जायचे, पण दादा नुकताच आमदार झाला होता, त्याने शब्द टाकला आणि ते निभावलं. भावाच्या त्या उपकाराचं ओझं घेऊन ताई त्याच्या कचेरीत आली ती तिथलीच झाली.

मास्तर एकच वाक्य बोलायचे. "मी किल्ली कुणाला दिली नाही." चौकशीत तेच, घरी तेच. ना एक शब्द कमी, ना एक जास्त. आणि ताईचं दुर्दैव असं, की तिचा सगळा दिवस नकार घडवण्यात जायचा. तिला वाटायचं, किती पक्का बसवलाय यांनी! असा न अडखळता, रोज त्याच शब्दांत सांगितलेला नकार तिच्या मते पढवलेलाच असायचा. तिने नवऱ्याला कधी खोटारडा म्हटलं नाही. "जाऊ द्या, झालं ते झालं," एवढंच म्हणायची. पुढे पुढे मास्तरांनी ते वाक्य बोलणं सोडलं आणि तिच्याशी बोलणंही बेताचंच ठेवलं.

आता दिवस फिरणार होते. दादा मंत्री होणार होता, उद्या सकाळी शपथ होती आणि त्याने बहिणीला शब्द दिला होता, "चिमे, मंत्री झालो की पहिली सही मास्तरांच्या फायलीवर. बडतर्फी रद्द, पेन्शन चालू, नाव साफ. माणसाच्या हातून चूक होते, सरकार माफ करतं." ताईने मास्तरांसाठी नवा शर्टसुद्धा आणून ठेवला होता. आजचा एक दिवस धड गेला की झालं. आणि तुफानचा एक दिवस धड जाणं म्हणजे काय हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

दुपारी चहाच्या वेळेला फोन वाजला. वाहिनीवरची ती चष्मेवाली बातमीदार, जिला साहेब घाबरायचे, ती बोलत होती.

"ताई, आमच्याकडे साहेबांचा एक व्हिडिओ आलाय. संध्याकाळच्या बातम्यांत लावणार आहोत. तुमच्या कचेरीतून थेट प्रतिक्रिया घ्यायचीय."

"कसला व्हिडिओ?"

"तो कॅमेऱ्यासमोरच दाखवू. आधी सांगितलं की तुम्ही उत्तर तयार ठेवता." ती हसली. "निघालोच आहोत आम्ही."

ताईने फोन ठेवला आणि अभिनंदनाचे हार घेत बसलेल्या भावाला दंडाला धरून आत नेलं. कडी घातली, पंखा मोठा केला.

"दादा, व्हिडिओ आहे म्हणतायत. कसला ते सांगत नाहीत. काय केलंयस? बोल."

"काही नाही ग! मंत्रिपदाचं ठरल्यापासून देवासारखा वागतोय मी."

"देवाचं नाव नको घेऊस. विश्रामगृह?"

"पडदे परत दिलेत."

"पदवी? ती तलाठ्याची जमीन? की मागच्या महिन्यात टोलनाक्यावर ओरडलास ते?"

प्रत्येकाला तो मान हलवत होता. त्याच्या लेखी ही सगळी शिळी भांडणं होती. ताई त्याच्याकडे रोखून बघत होती. एरवी आत आला की तो खुर्चीत पाय पसरून बसायचा, आपल्याच पराक्रमांवर हसायचा. आज तो उभाच होता आणि रुमालाने सारखी मान पुसत होता. मग एकदम त्याने विचारलं, "आपला तो कंत्राटदार काल विरोधी पक्षात गेला, ते ऐकलंस ना तू?"

"ऐकलं. जाऊ दे की. त्याचा काय संबंध?"

दादाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तो खिडकीपर्यंत गेला, परत आला, शेवटी तिच्यासमोरच्या खुर्चीत बसला. खाई त्याला खवखवे म्हणतात. इतकी प्रकरणं पचवलेल्या या माणसाला आज नेमकं एकच खवखवत होतं.

"त्यानेच दिलंय काहीतरी. गाडीत फोन हातात घेऊन बसला होता तेव्हा. केलं असणार चित्रण. चिमे, आता तू ऐकून घे. आणि ऐकताना फक्त एवढं लक्षात ठेव, की माझी पहिलीच निवडणूक होती. कंत्राटदार नसता तर मी उभासुद्धा राहू शकलो नसतो."

"दादा, मुद्द्यावर ये. ते येतायत."

"त्याचा मुलगा गणितात दोनदा गटांगळ्या खाऊन बसला होता."

पंखा गरगरत होता. ताईला आधी काही कळलंच नाही. इतक्या वर्षांच्या सवयीने ती पुढचे प्रश्न मनात जुळवत होती, मुलगा कुठला, साक्षीदार कोण, नाकारता येईल का. मग 'गणित' हा शब्द तिच्या डोक्यात पोचला आणि ते प्रश्न तिथेच अडले.

"मी घरी आलो होतो तुझ्याकडे," दादा जमिनीकडे बघत भराभरा सांगत होता, कारण आत खरं सांगायचं हा नियम होता आणि तो त्याच्या अंगवळणी पडला होता. "मास्तर अंघोळीला गेले होते. शर्ट खुंटीवर होता. तू आत चहा टाकत होतीस. मी किल्ली काढली, खाली गाडीत नेऊन दिली. त्याने साबणाच्या वडीवर ठसा घेतला. तुझा चहा व्हायच्या आत किल्ली परत खिशात. मास्तरांना काही पत्ताच नव्हता, बिचाऱ्यांना."

"मी तुला तेव्हा आणखी एक कप दिला होता," ताई म्हणाली. हे ती का म्हणाली ते तिलाही कळलं नाही.

"पण तुरुंगात जाऊ दिलं का मी त्यांना? सांग ना! रात्रंदिवस खपलो. आणि तुला वाऱ्यावर सोडली का? आता पुढचं ऐक." त्याचा आवाज बदलला. कबुली झाली होती, आता कामाला लागायचं होतं. "व्हिडिओत मी किल्ली देताना दिसत असेन. तर आपण म्हणायचं, मास्तरांनीच ती माझ्या हाती पाठवली. कशासाठी ते मला माहीत नव्हतं. मेहुण्यांनी दिली, मी नेऊन पोचवली. इतकी वर्षं त्यांची अब्रू राखायला गप्प बसलो. हे तू सांगायचं. तू त्यांची बायको. तू म्हणालीस की कुणाची पुढे विचारायची छाती होणार नाही."

त्या क्षणी ताईला त्याचा इतका संताप आला, की समोरचा पेपरवेट उचलून डोक्यात घालावा असं वाटलं. पण संतापापेक्षाही मोठं काहीतरी तिच्या छातीत उतरत चाललं होतं. मास्तरांचं ते वाक्य तिला ऐकू येत होतं. ते पढवलेलं नव्हतं. खऱ्याला दुसरे शब्द लागत नाहीत म्हणून ते रोज तसंच यायचं. हे तिला कळू नये? सगळ्या राज्यात खोट्याची पारख असलेली बाई ती, आणि घरातलं खरं ओळखता आलं नाही!

दार वाजलं. शिपाई म्हणाला, "ताई, कॅमेरावाले आलेत."

दादाने उठता उठता तिचा हात धरला. "चिमे, उद्या शपथ आहे. आज हे निभावलं तर परवा मास्तरांची फाइल उघडते. नाही निभावलं तर मीही गेलो आणि तेही गेले. कोण उघडणारे मग ती फाइल? नीट विचार कर." त्यात खोटं काही नव्हतं, हेच वाईट होतं.

बाहेरच्या खोलीत दिवे लावले होते. भिंतीशी कार्यकर्ते दाटीने उभे होते, टेबलावर हारांचा ढीग होता. चष्मेवालीने दोघांच्या हाती माइक दिले, मागच्या माणसाला खूण केली आणि आपला फोन त्यांच्यासमोर धरला.

"आमदारसाहेब, हे तुम्हीच ना?"

व्हिडिओ सुरू झाला. एक सभागृह, मागे काळं कापड, व्यासपीठावर तुफान. डोळे ओले करून ते सांगत होते, की पक्षाच्या ज्येष्ठ नेत्यांच्या जाण्याने आपण पोरके झालो, त्यांचा हसरा चेहरा आता पुन्हा दिसणार नाही. मग कॅमेरा फिरला आणि दुसऱ्या रांगेत ते ज्येष्ठ नेते हातात काठी घेऊन, स्वतःची श्रद्धांजली लक्ष देऊन ऐकत बसलेले दिसले. गेले होते ते त्यांचे व्याही.

खोलीत हशा पिकला. भिंतीजवळचे कार्यकर्तेही तोंडावर हात ठेवून हसायला लागले. दादाच्या चेहऱ्यावर रंग परत आला आणि तोही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. "अहो, आपल्याकडे जिवंतपणी माणसाचं कौतुक कोण करतं? मी केलं! आमच्या ज्येष्ठ नेत्यांना शतायुष्य लाभो!" काय हजरजबाबी माणूस! एवढ्यावरच सगळं मिटलं होतं. मंत्रिपद शाबूत होतं. असल्या बातमीने मतं घटत नाहीत, वाढतात.

हसता हसता त्याने ताईकडे बघितलं, आणि ते हसू तिथेच मेलं. त्यालाही कळलं होतं. इतकी लफडी करून ठेवल्यावर माणसाला आपलं कुठलं बाहेर पडलंय हेदेखील ओळखता येऊ नये! कुणी न विचारलेलं तो सांगून बसला होता.

"ताई," चष्मेवाली म्हणाली, "तुमची नेहमीची प्रतिक्रिया? व्हिडिओ बनावट आहे वगैरे?" पुन्हा हशा.

ताईने माइक तोंडाजवळ धरला. तिच्या मनात फायलीचा हिशेब चालू होता, खोटं कशाला सांगा. गप्प बसलं तर मास्तरांना पेन्शन मिळेल, शाळेत बोलावतील, लोक नमस्कार करतील. माफी मिळालेला चोर म्हणून. आणि ती माफी हा माणूस देईल, त्या हारांच्या ढिगामागे बसून.

"व्हिडिओ खरा आहे," ती म्हणाली. "आणखीही एक खरं आहे, ते तुम्हाला ठाऊक नाही."

"ताईंची तब्येत बरी नाहीये सकाळपासून," दादा पटकन म्हणाला. "दिवे बंद करा."

"माझी तब्येत ठणठणीत आहे. माझ्या नवऱ्याच्या शाळेतला गणिताचा पेपर फुटला होता, आठवतो? किल्ली माझ्या नवऱ्याने दिली नव्हती. ती यांनी माझ्या घरातून, खुंटीवरच्या शर्टातून चोरली, कंत्राटदाराच्या मुलासाठी."

चष्मेवालीच्या हातातला फोन खाली आला. तिने आधी दादाकडे, मग ताईकडे पाहिलं आणि कधी नव्हे तो तिचा आवाज जपून आला. "ताई, हा फार मोठा आरोप आहे. काही पुरावा?"

"इतकी वर्षं मी इथे उभी राहून खोटं बोलले, ते तुम्ही जसंच्या तसं दाखवलंत. तेव्हा कधी पुरावा मागितला नाहीत."

"म्हणजे आजचंही..." बातमीदार थांबली. तिला काय म्हणायचंय ते सगळ्यांना कळलं. या बाईच्या शब्दावर कुणी का विश्वास ठेवावा? खरं बोलायचं धाडस केलं, पण ते ज्या तोंडाने बोलायचं ते तोंड तिने केव्हाच वापरून संपवलं होतं.

आणि तेवढ्यात दादाचा संयम सुटला. आयुष्यात एक नियम पाळला होता त्याने, आणि तोच सख्ख्या बहिणीने मोडला होता. तो तिच्यावर धावून गेल्यासारखा पुढे झाला. "आतलं बाहेर काढायचं नाही हे ठरलं होतं ना आपलं? मी विश्वासाने तुला आत सांगितलं, ते असं चार लोकांत सांगायला?"

माइक त्याच्याच हातात होता. दिवे चालू होते. तो वाक्य संपवून थांबला, तेव्हा खोलीत फक्त आतल्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत होता. मग भिंतीजवळचा एक कार्यकर्ता हळूच दाराबाहेर सटकला आणि त्याच्यामागून दुसरा. दादा माइककडे बघत राहिला. यावर काय बोलायचं ते सांगणारी बाई त्याच्यासमोरच उभी होती, पण त्याने विचारलं नाही.

ताई पायीच घरी आली. वाटेत दुकानांतून, उघड्या खिडक्यांतून तिला भावाचाच आवाज ऐकू येत होता. वाहिनीने ते वाक्य पुन्हा पुन्हा लावलं होतं. एका दारातून कुणीतरी तिला बोट करून दाखवलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. ती घाईत होती. मास्तरांना काय सांगायचं, कसं सांगायचं याची जुळवाजुळव ती करत होती आणि जन्मात पहिल्यांदा तिला वाक्य सुचत नव्हतं.

मास्तर बाहेरच्या खोलीत बसले होते. टीव्ही चालू होता, पण आवाज बंद केलेला होता. पडद्यावर दादा तोंड उघडत होता, मिटत होता. ताई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बघितलंत?"

"बघितलं."

"आता चौकशी पुन्हा होईल. चष्मेवाली म्हणाली, सगळं वर काढणार. तुमचं नाव साफ होईल, अहो. माफी नाही, निर्दोष. मी सगळ्यांना सांगितलं."

मास्तरांनी मान हलवली. त्यांना बरं वाटलं होतं, ते दिसत होतं. पण ते तिच्याकडे बघत नव्हते.

"काहीतरी बोला ना," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "मला आज कळलं. त्याने आत, माझ्यासमोर कबूल केलं, तेव्हा माझा विश्वास बसला."

मास्तरांनी टीव्ही बंद केला. मग त्यांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"त्याने सांगितलं तेव्हा बसला," ते म्हणाले. "मी रोज सांगत होतो."